लॅव्हेंडरची जुनी बाटली आणि मानेवरचा चट्टा: इसेन्शियल ऑइल त्वचेला लावताना

निशिगंधा_पार्ले | ९ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात माझ्या मानेवर, उजव्या कानाच्या खाली, रुपयाएवढा लाल चट्टा उठला. मला वाटलं घामोळं. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात रोज पार्ल्याहून चर्चगेटपर्यंत गर्दीत घामाघूम उभं राहायचं, मानेवर काहीतरी उठणारच. पावडर लावली आणि विसरले. तिसऱ्या दिवशी चट्टा गळ्यापर्यंत उतरला. चौथ्या दिवशी सकाळी डोळेच उघडेनात, पापण्या टम्म फुगलेल्या.

केमिस्टकडून एक ट्यूब आणली. चार दिवसांत सगळं मावळलं. ट्यूब बंद केली आणि आठवड्याभरात दुप्पट उठलं. मग नणंद मला हाताला धरून त्वचेच्या ओपीडीत घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "ताई, मानेला काय लावता?" मी म्हटलं, "काहीच नाही." मला खरंच तसं वाटत होतं. साबण, क्रीम, परफ्यूम, केसांचा डाय, गळ्यातलं, सगळं विचारून झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "रात्री झोपताना?" तेव्हा आठवलं. शांत झोप लागावी म्हणून दोन वर्षं मी रोज रात्री लॅव्हेंडर ऑइलचे दोन थेंब बोटावर घेऊन कानामागे चोळत होते. नुसतं तेल, कशातही न मिसळता. ते "लावणं" आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि त्याच बोटांनी डोळे चोळायचे, म्हणून पापण्या.

मग पॅच टेस्ट झाली. पाठीवर चिकटपट्टीने बारीक चकत्या बसवतात, प्रत्येकीत एक-एक पदार्थ. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. ४८ तासांनी पट्टी काढून बघतात आणि ९६ तासांनी पुन्हा बघतात. माझ्या पाठीवर दोन ठिकाणी बारीक फोडांचे लाल गोल उठले होते. एक सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाचा, दुसरा मी घरून नेलेल्या लॅव्हेंडरचा, आणि तेही त्यांनी खूप विरळ करून लावलेलं.

मी विचारलं, "दोन वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच कसं?" त्यांनी उलट विचारलं, "बाटली कधी उघडली? ठेवता कुठे?" बाटली दोन वर्षांपूर्वीची, बाथरूमच्या फळीवर, गीझरच्या बाजूला. अर्धी संपलेली, म्हणजे अर्धी हवा भरलेली. लॅव्हेंडरमधलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य ताजं असताना फारसा त्रास देत नाही. पण हवा आणि उष्णता लागत गेली की त्याची हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात, आणि ॲलर्जी बसते ती मुख्यतः त्यांची. वासात फरक पडलाय हे मला जाणवलं होतं, थोडा टर्पेंटाइनसारखा यायला लागला होता. पण महागाचं तेल, टाकवलं नाही.

आता ही ॲलर्जी बहुधा जन्मभराची आहे. साबण, शाम्पू, हातांचं लोशन, घेण्याआधी मागचं बारीक अक्षर वाचून लिनालूल आहे का बघावं लागतं. मानेवर तपकिरी डाग अजून आहे.

आपल्या कितीतरी मैत्रिणी ही इसेन्शियल ऑइलं, म्हणजे वनस्पतींचे तीव्र सुगंधी अर्क, "नैसर्गिक आहे, अपाय कसला" म्हणून थेट लावतात. तुमचे अनुभव लिहा. आणि ज्यांना ह्यातलं कळतं त्यांनी सांगा, ही तेलं वापरायचीच झाली तर कशी वापरायची?

---

माहीमची_आई | ९ जानेवारी, रात्री ११:१५

वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा ८ महिन्यांचा आहे. मालिशला मावशी येतात. पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर निजवतात आणि इतकं छान चोळतात की तो तिथेच पेंगतो. पण सर्दीचे दिवस म्हणून गेल्या आठवड्यापासून त्या खोबरेलात निलगिरीचे थेंब घालतायत. किती ते मोजत नाहीत, बाटली नुसती झटकतात. छातीला लावतात, टाळूलाही. चालेल का? मावशींचा हात सोन्याचा आहे, त्यांना दुखवायचं नाहीये.

---

परळची_डॉक्टर | ९ जानेवारी, रात्री ११:५०

@माहीमची_आई, उद्यापासून बंद. हे आधी सांगते, कारण सांगायला मागाहून येते.

निलगिरीतला मुख्य घटक सिनिओल, पेपरमिंटमधला मेन्थॉल, आणि कापूर. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ ह्यांचा उग्र वास गेला तर श्वास अडखळू शकतो. मोठ्यांना नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, बाळाच्या श्वासनलिकेला तो धक्का असतो. कापूर असलेले छातीला चोळायचे बामसुद्धा २ वर्षांखाली वापरू नका असं त्यांच्या डबीवरच लिहिलेलं असतं. बाळाची त्वचा पातळ, शरीराच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे लावलेल्यातलं जास्त आत जातं. शिवाय हात तोंडात जातोच.

दुसरं म्हणजे ही बाटली घरात कुठे आहे ते बघा. निलगिरी किंवा कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. कापराचे एक-दोन ग्रॅमही त्याला पुरे होतात. देवघरातली कापराची डबी रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशी नको. तेल पोटात गेलंच तर उलटी काढायला जाऊ नका, ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. बाटली बरोबर घेऊन तडक हॉस्पिटल.

कुटुंबात कुणाला जी६पीडी ह्या तांबड्या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल (आपल्याकडे पारशी समाजात तिचं प्रमाण बरंच आहे, इतरांतही असते) तर कापूर, मेन्थॉल आणि डांबरगोळी ह्यांच्यापासून बाळ लांबच ठेवा.

मावशींना सांगा, डॉक्टरांनी नुसतंच तेल सांगितलंय. दोष आमच्यावर घाला. आमची कशालाच हरकत नसते.

---

सह्याद्री_भटका | १० जानेवारी, सकाळी ७:२०

थोडा वेगळा सूर लावतो. मी ५ वर्षं टी ट्री थेट लावतोय, काही झालेलं नाही. आणि आपल्या आज्या-पणज्या तुळस, निलगिरी, ओवा, वाळा वापरतच होत्या की. तेव्हा कुणाच्या पाठीवर पॅच टेस्ट केली होती? निसर्गाला इतकं घाबरायचं का?

---

वैद्य_गिरगाव | १० जानेवारी, दुपारी २:०५

@सह्याद्री_भटका, प्रश्न चांगला आहे म्हणून नीट उत्तर देतो. आजी वापरत होती ते वेगळं आणि ह्या बाटलीत आहे ते वेगळं, नावापुरतंच सारखं.

आमच्या तैलपाकात, म्हणजे औषधी तेल शिजवताना, साधारण कल्क (वाटलेली वनस्पती) १ भाग, तेल ४ भाग आणि द्रव म्हणजे काढा किंवा स्वरस १६ भाग असं प्रमाण असतं. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ते शिजवायचं. वनस्पतीतलं जे तेलात उतरतं ते उतरतं, बाकी तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेलच असतं. वासही सौम्य. ही तेलं मालिशीसाठीच केलेली.

इसेन्शियल ऑइल म्हणजे बहुतेकदा वाफेवर ओढलेला अर्क. शंभर किलो ताज्या गवती चहातून अर्धा किलो, बहुतेकदा त्याहूनही कमी तेल निघतं. आजी चहात दोन पाती टाकायची. ह्या तेलाच्या काही थेंबांत गवताची अख्खी जुडी असते आणि त्यात ७०-८० टक्के सिट्राल हे एकटंच वासाचं द्रव्य. ते पातीसारखं वापरून कसं चालेल?

ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकणं वेगळं, ओव्याचं फूल म्हणजे शुद्ध थायमॉल कातडीवर चोळणं वेगळं. अमृतधारा आठवा: कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल. तिन्ही कोरडे खडे एकत्र ठेवले की आपोआप पाणी सुटतं. आजी त्यातला एक थेंब काडीने घ्यायची. तिला वस्तूची ताकद ठाऊक होती, म्हणून बाटली कपाटात सगळ्यांत वर असायची.

---

सह्याद्री_भटका | १० जानेवारी, रात्री ९:३०

हा फरक खरंच माहीत नव्हता. धन्यवाद. माझी टी ट्रीची बाटली बघितली. २०२२ची आहे. आणि ती बाईकच्या डिकीत असते.

---

अत्तरकार_मुलुंड | ११ जानेवारी, सकाळी ११:००

मी ३१ वर्षं सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात काढली, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

भटका, ती बाटली टाका. डिकीत मे महिन्यात काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे. टी ट्री हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडतं, आणि बिघडलेलं टी ट्री ताज्यापेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जी करतं. लिंबू-संत्र्याची तेलं तशीच, त्यांतलं लिमोनिन हवेने बिघडतं. उघडल्यावर ही वर्षभरात संपवायची. चंदन, वाळा, पाचोळी ही जड तेलं बरीच टिकतात. आम्ही कारखान्यात पिंप अर्धं झालं की तेल लहान पिंपात ओतायचो, वर हवा राहायला नको म्हणून. घरी तेच करा: १० मिलीची बाटली निम्मी झाली की उरलेलं ५ मिलीच्या गडद काचेच्या बाटलीत काढा, झाकण घट्ट, फ्रिजच्या दारात. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. मुंबईच्या बाथरूमइतकी वाईट जागा ह्या तेलांना दुसरी नाही.

आता थेंबांचं गणित. १ मिलीत साधारण २० थेंब धरतात. म्हणजे ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ६ थेंब टाकले की १ टक्का झाला, १२ टाकले की २ टक्के. चेहऱ्याला अर्ध्या ते एक टक्क्याच्या वर जाऊ नये, अंगाला २ टक्के पुष्कळ. पण थेंब फसवा असतो. घट्ट तेलाचा वेगळा, पातळ तेलाचा वेगळा, झाकणाच्या भोकावरही जातं. जास्त प्रमाणात बनवायचं असेल तर केमिस्टकडून १ मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा आणि मिलीत मोजा. १०० मिली तेलात २ मिली म्हणजे २ टक्के, विषय संपला.

आणि सगळ्या तेलांना एकच मोजमाप नाही. दालचिनीच्या सालीचं तेल हजार भागांत एक भागसुद्धा जास्त होतं, इतकं ते कातडीला झोंबतं आणि ॲलर्जीही बसवतं. ते घरी अंगाला लावूच नका. लवंग अर्ध्या टक्क्यापर्यंत. विंटरग्रीनच्या (गंधपुरा) तेलापासून चार हात लांब राहा. सांधेदुखीवर म्हणून ते सर्रास विकलं जातं, पण ते जवळजवळ शुद्ध मिथाइल सॅलिसिलेट आहे, ॲस्पिरिनचंच भावंड. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असलेल्या माणसाच्या गुडघ्याला ते चोळलं तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि एक चमचा लहान मुलाच्या पोटात गेलं तर ते दगावू शकतं.

खरेदीबद्दल. मोहम्मद अली रोडला अत्तराच्या दुकानात गेलात की दुकानदार मनगटाला काडी लावतो, ते अत्तर. जुन्या पद्धतीत ते देग-भपक्यावर (भट्टीवरच्या भांड्यात वाफ काढून) चंदनाच्या तेलात उतरवलेलं असतं, आता चंदन परवडत नाही म्हणून बऱ्याचदा दुसरंच काही असतं. "फ्रॅग्रन्स ऑइल" लिहिलेलं असेल तर ते मेणबत्तीसाठी किंवा डिफ्यूजरसाठी, अंगाला नाही. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि तारीख नसेल तर घेऊ नका. किमतीवरूनही कळतं. एक किलो गुलाबाच्या तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. मग दीडशे रुपयांना १० मिली "प्युअर रोझ" कुठून येणार, तुम्हीच सांगा.

पण हेही ध्यानात घ्या की अस्सल तेलही भाजतं. निशिगंधाताईंचं तेल भेसळीचं नव्हतं. शुद्धतेची खात्री पटली म्हणून प्रमाण वाढवायचं नसतं.

अवांतर: लॅव्हेंडरची एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते की गात्फोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात भाजला, त्याने तो लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि हात लगेच बरा झाला. १९१० साली तो भाजला हे खरं. पण भांड्यात हात बुडवल्याची गोष्ट मागाहून रचलेली. त्याच्या जखमा पुढे सडायला लागल्या होत्या, तेव्हा त्याने लॅव्हेंडर वापरलं. अरोमाथेरपी हा शब्द त्याचाच, १९३७चा. ही गोष्ट वाचून कुणी भाजल्यावर तेल ओतू नका. भाजल्यावर वाहतं थंड पाणी, २० मिनिटं.

---

सुईदोरा_लालबाग | ११ जानेवारी, दुपारी ४:३०

काका, लिंबाच्या तेलाचा विषय निघालाच आहे तर माझ्या हातून झालेलं सांगते. अजून छातीवर ओझं आहे.

डिलाईल रोडला माझं छोटं पार्लर आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका मुलीच्या हळदीसाठी उटणं भिजवून दिलं: बेसन, आंबेहळद, साय, आणि वास छान यावा, रंग उजळावा म्हणून लेमन ऑइलचे दहा-बारा थेंब. वाटीभर उटण्यात. हळद गच्चीवर, सकाळी अकराला. बायका गाणी म्हणत होत्या, मुलगी पाटावर बसलेली, उटणं दंडावरून ओघळत कोपरापर्यंत आलेलं. तासभर तरी उन्हात होती.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन, हात लाल झालेत. लग्नाच्या दिवशी दंडावर ओघळाच्या रेघेत फोड. जिथून उटणं ओघळलं होतं बरोब्बर तिथून, जणू कुणी कुंचल्याने ओढलंय. मी पूर्ण बाह्यांचं ब्लाउज रात्रीत शिवून दिलं. फोड गेले, पण तपकिरी पट्टे चार-पाच महिने होते. तिने मला कधी बोल लावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. मला तेव्हा वाटलं हळद सोसली नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हळद नाही, लिंबू आणि ऊन.

---

अत्तरकार_मुलुंड | ११ जानेवारी, सायंकाळी ६:१०

ताई, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. आणि हे इथे लिहून तुम्ही पुढच्या कितीतरी मुलींना वाचवलंत.

साल दाबून काढलेल्या लिंबूवर्गीय तेलांत बर्गॅप्टेनसारखी द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं. लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी पूर्ण दिसतं, म्हणून कुणाला दुवा लागत नाही. सगळ्यांत वाईट बर्गामॉट, हेही एक लिंबूवर्गीय फळ. जागतिक सुगंधी उद्योगाच्या नियमांत अंगावर राहणाऱ्या वस्तूत त्याला फक्त ०.४ टक्के परवानगी आहे, म्हणजे ३० मिलीत जेमतेम दोन थेंब. दाबून काढलेल्या लेमनला २ टक्के. गोड संत्र्याच्या तेलाने असं होत नाही, वाफेवर काढलेल्या लाइमनेही नाही. पण बाटलीवर कसं काढलंय ते लिहिलेलं नसेल तर धोक्याचंच धरा. लावलं तर पुढचे १२ तास तरी त्या भागाला ऊन नको. आणि मोटारीची काच बंद असली तरी उपयोग नाही, ते किरण काचेतून येतात.

---

परळची_डॉक्टर | ११ जानेवारी, रात्री १०:२०

काकांनी इतकं नीट लिहिलंय की मला फक्त आमच्या बाजूचं सांगायचं आहे.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत लाली दिसायला उशीर होतो आणि डाग राहायला वेळ लागत नाही. गोऱ्या कातडीवर जे आठवड्यात पुसलं जातं ते आपल्याकडे वर्षभर काळं दिसतं. म्हणून "थोडी आग होते, म्हणजे काम करतंय" ही समजूत मनातून काढून टाका. आग झाली की पुसायचं. कसं पुसायचं, तर आधी साध्या तेलाने (खोबरेल चालेल) कापसाने टिपायचं, मग साबण-पाणी. नुसतं पाणी मारलं तर हे तेल पाण्यात मिसळत नाही, पसरत जातं. म्हणूनच अंघोळीच्या बादलीत थेंब टाकणंही चूक. थेंब वर तरंगतो आणि पहिल्या तांब्यात तसाच्या तसा अंगावर येतो. डोळ्यात गेलं तर मात्र वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

घरच्या चाचणीबद्दल. बहुतेक जणी मनगटाला लावून अर्ध्या तासाने बघतात. त्यात फक्त झोंबतंय का ते कळतं. ॲलर्जीची प्रतिक्रिया दोन-तीन दिवसांनी येते. तेव्हा जेवढं विरळ वापरणार तेवढंच करून, कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावा. तेवढ्यात खाज, लाली, बारीक पुरळ काही उठलं नाही तर पुढे जा. ही चाचणी पास झाली म्हणजे कायमचा परवाना मिळाला असं मात्र नाही. निशिगंधाताई दोन वर्षं पास होत्या.

टी ट्रीबद्दल कुणी विचारायच्या आत: मुरुमांवर त्याचा उपयोग अगदीच नाही असं नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर अभ्यास झाला, ५ टक्के टी ट्रीचं जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांचं नेहमीचं औषध अशी तुलना. दोन्हींनी फरक पडला, टी ट्रीने उशिरा पडला, पण त्रास कमी झाला. ह्यात "५ टक्के" हा शब्द महत्त्वाचा. बाटलीत असतं ते १०० टक्के.

आणि ट्यूब. निशिगंधाताईंना मिळाली तशी. त्यात बहुतेकदा तीव्र स्टिरॉइड असतं, लालीवर पडदा टाकतं आणि मूळ कारण तसंच राहतं. चेहऱ्यावर महिनाभर वापरलं तर कातडी पातळ होते. चिठ्ठीशिवाय नको.

---

पवईकर_बाबा | १२ जानेवारी, सकाळी ८:४५

डॉक्टर, एक विचारतो. मुलगी ४ वर्षांची, संध्याकाळी खाली बागेत खेळते. तलाव जवळ, डास भरपूर. सोसायटीतले सगळे मुलांच्या हातापायांना सिट्रोनेला चोळतात. आम्हीही चोळतो, नुसतंच.

---

परळची_डॉक्टर | १२ जानेवारी, दुपारी १:३०

नुसतं नको. शिवाय सिट्रोनेलाचा परिणाम फार लवकर ओसरतो, मुलीचा खेळ संपायच्या आत. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, तेव्हा पावसाळ्यात त्यावर विसंबणं धोक्याचं. पूर्ण बाह्या, आणि डीईईटी किंवा पिकारिडिनचं मुलांसाठी चालणारं लोशन, डब्यावर लिहिलंय तसं. हाताच्या पंजांना नाही, ते तोंडात जातात. "लेमन युकॅलिप्टस" नावाचं डासांचं औषध मिळतं, ते वेगळ्या प्रक्रियेने केलेलं असतं आणि ३ वर्षांखाली देत नाहीत. त्याच नावाचं इसेन्शियल ऑइल म्हणजे ते औषध नव्हे.

---

चाळकरी_९० | १२ जानेवारी, रात्री ११:४०

पावसाळ्यात ओल्या जीन्सने जांघेत गजकर्ण झालं होतं. ट्रेनमधल्या मित्राने टी ट्री सांगितलं. लावलं आणि रात्रभर पंख्याखाली पाय फाकवून बसलो. दोन दिवसांनी साल निघाली, गजकर्ण तसंच. लाजेने कुणाला बोललो नव्हतो. इथे वाचून लिहावंसं वाटलं, कारण माझ्यासारखे बरेच असतील.

---

परळची_डॉक्टर | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

बरं झालं लिहिलंत. जांघ, काख, पापणी, ओठ, हिरड्या: इथली त्वचा नाजूक आणि घडीत तेल कोंडून राहतं, त्यामुळे ताकद वाढते. तिथे कुठलंच इसेन्शियल ऑइल नको. दाढ दुखते म्हणून लवंग तेलाचा बोळा रात्रभर धरून ठेवलेले लोक येतात, सकाळी गाल आतून पांढराफटक, भाजलेला. लवंगेतल्या युजेनॉलने दाढ बधिर होते, म्हणून भाजतंय तेही कळत नाही.

गजकर्णाला महापालिकेच्या त्वचा ओपीडीत या. केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल ते. लाजायचं काही नाही, पावसाळ्यात रांगेतल्या निम्म्या लोकांना तेच झालेलं असतं. औषध पूर्ण मुदतीचं घ्यायचं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही.

---

माहीमची_आई | २ फेब्रुवारी, दुपारी ३:००

मावशींना सांगितलं. डॉक्टरांवर ढकललं नाही, खरं ते सांगितलं आणि हा धागा वाचून दाखवला. त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या नातवालाही लावते गं मी." त्याच संध्याकाळी सुनेला फोन केला माझ्यासमोर.

आता नुसतं खोबरेल, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. पहिल्या दिवशी मावशींनी तळहात नाकाशी नेला, म्हणाल्या, "ह्याला वासच नाही." बाळ नेहमीसारखं पाचव्या मिनिटाला पेंगलं.

---

निशिगंधा_पार्ले | १४ एप्रिल, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा इतका मोठा होईल असं वाटलं नव्हतं.

मानेवरचा डाग फिका झालाय, केस वर बांधले तरच दिसतो. आमच्या मजल्यावरच्या सहा घरांतल्या बाटल्या आम्ही एका रविवारी टेबलावर मांडून बघितल्या. २३ निघाल्या. नऊंवर तारीखच नव्हती, चारांवर शास्त्रीय नाव नव्हतं, आणि एका आजींकडे विंटरग्रीन होतं. त्यांची वॉरफरिन चालू आहे. त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाई, मी रोज लावत होते." दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने रक्ताची तपासणी करून घेतली आणि डॉक्टरांना लावण्याबद्दल सांगितलं.

काका, एवढं सांगा, टाकायच्या बाटल्यांचं काय करू? मोरीत ओतू का?

---

अत्तरकार_मुलुंड | १५ एप्रिल, सकाळी ८:२०

मोरीत नको, ओल्या कचऱ्यातही नको. ही तेलं पेट घेतात आणि पाण्याला घातक असतात. झाकणं घट्ट लावा, एका डब्यात उभ्या ठेवा, वर चिठ्ठी चिकटवा आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळ्या द्या, जुन्या रंगाच्या डब्यांबरोबर देतात तशा. देईपर्यंत डबा गॅसपासून लांब. आणि त्या आजींची बाटली सगळ्यांत आधी.